पाववाल्याच्या भट्टीतली टर्की

डिसेंबर अर्धा सरला की टोकियोशेजारच्या आमच्या उरायासुची हवा कोरडीठाक होते. स्वेटर काढताना अंगावर ठिणग्या उडतात, दाराच्या मुठीला हात लावावा तर ती चावते, आणि ओठ इतके फुटतात की हसण्याआधी विचार करावा लागतो. आभाळ मात्र असं स्वच्छ, की कुणीतरी धुऊन, पिळून, झटकून दोरीवर टाकलंय. सकाळी स्टेशनच्या पुलावर चढलं की पश्चिमेला फुजी दिसतो. पांढराशुभ्र, नीटनेटका, गावातल्या भानगडींशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याचा.

याच दिवसांत कोपऱ्यावरच्या कॉन्बिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, काचेवर तळलेल्या कोंबडीच्या आगाऊ मागणीची जाहिरात लागते. जपानात नाताळ म्हणजे तळलेली कोंबडी आणि स्ट्रॉबेरीचा केक. ऑफिसला सुट्टी नाही, घरात देव नाही, पण कोंबडी हवी, आणि ती आधी सांगून ठेवलेली हवी. इथे आयुष्यातली कुठलीच गोष्ट ऐनवेळी होत नाही. भूकंप सोडला तर.

परवा आयात मालाच्या दुकानात कॉफी शोधत होतो. फ्रीझरच्या तळाशी, बर्फाची दाढी आलेली एक अख्खी टर्की पडलेली दिसली. मी वाकून तिच्याकडे पाहिलं आणि नकळत हात जोडले. शेजारच्या बाई आपली ढकलगाडी घेऊन हळूच पलीकडच्या रांगेत निघून गेल्या. त्यांचं बरोबरच होतं. गोठलेल्या पक्ष्याला नमस्कार करणाऱ्या पन्नाशीच्या परदेशी माणसापासून दूर राहिलेलंच बरं. पण त्या पक्ष्याच्या कुळातल्या एकीच्या साक्षीनं माझ्या संसाराचा निकाल लागला होता, हे त्यांना कसं कळणार?

ज्या वर्षी मार्चात जमीन हलली, त्या वर्षीचा तो डिसेंबर. आमचा हा भाग समुद्रात भर घालून केलेला. त्या दुपारी त्या जमिनीला बहुतेक आपलं माहेर आठवलं. ती पातळ झाली. रस्त्यांच्या फटींतून राखाडी चिखल उसळला, विजेचे खांब दारू प्यायल्यासारखे कलले, गटारांची झाकणं जमिनीतून वर आली आणि अळंब्यांसारखी उभी राहिली. आमची इमारत खोल खांबांवर उभी, ती जागची हलली नाही. तिच्या भोवतालची जमीनच खचली. त्या सकाळी ज्या दारातून मी सरळ चालत बाहेर पडलो होतो, त्या दारात दुसऱ्या दिवशी परतल्यावर उडी मारून चढावं लागलं.

माझी बायको वैशाली आणि मुलगी इरा काही दिवसांतच ठाण्याला गेल्या, वैशालीच्या माहेरी. इरा तेव्हा तिसरीत जाणार होती. मी राहिलो. मुंबईच्या ज्या बँकेनं मला इथे पाठवलं होतं, तिचं माझ्यावाचून अडत होतं असं नाही. पण टोकियोच्या शाखेत कुणीतरी बसलेलं दिसायला हवं होतं, आणि बसलेलं दिसणं हे काम मला चांगलं जमतं. नळ कोरडे होते तोवर टँकरवरून बादल्या भरून आणल्या. नळाला पाणी आल्यावर मी दुसरं काहीच न करता बराच वेळ हात धूत उभा होतो, हेही आठवतं. बाकी ते महिने कसे होते म्हणाल, तर घरात एक कप, एक ताटली, एक चमचा एवढंच वापरात होतं. उरलेली भांडी फडताळात नवऱ्या मुलीसारखी खाली मान घालून बसलेली.

नोव्हेंबरात दोघी परत आल्या. बरोबर सासूबाई.

विमानतळावर मी वाकून नमस्कार केला तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं, “शिरीषराव, मी फिरायला आलेली नाही. जागा बघणार, माणसं बघणार. मनाला पटलं तर पोरी इथे राहतील. नाही पटलं तर जानेवारीत माझ्याबरोबर परत.”

मी वैशालीकडे पाहिलं. ती सामानाकडे बघत होती. नंतर घरी म्हणाली, “मला नाही ठरवता येत रे. इथे असले की भीती वाटते, तिथे असले की तू एकटा आहेस हे डोक्यात. आईला म्हटलं, तूच सांग.” माझ्या बाजूनं काही बोलायची सोयच उरली नाही. बँकेत इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले, आता माझा अर्ज ठाण्याच्या एका सडपातळ अंगाच्या, जाड चष्म्याच्या बाईंसमोर पडून होता.

सासूबाईंची पाहणी सुरू झाली. वांगी निवडावीत तशा त्या भिंती निवडत. बोटांनी वाजवून बघत, भेगेला नख लावून बघत. खचलेल्या दारापुढे तोवर लाकडी पायऱ्या बसवल्या होत्या. त्यांवर त्या रोज एकदा उभ्या राहून, जरा उड्या मारल्यासारखं करत. पाणी कुठून येतं, पालक कुठला, तांदूळ कुठला, हे भाजीवाल्याला मराठीत विचारत आणि तो जपानीत जे सांगे त्यावर मान डोलवत. आणि बसल्या जागेवरून त्यांची नजर पुन्हा पुन्हा छतावरच्या दिव्याच्या दोरीकडे जाई. दोरी हलते का, बघत. त्या घाबरल्या आहेत हे मला दिसत होतं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. ज्या जमिनीची इतकी भीती, तिच्यावर सत्तरीला आलेलं आपलं शरीर आणून उभं करायचं आणि मग निकाल द्यायचा, ही त्यांची रीत. मी असतो तर ठाण्यातूनच फोनवर दिला असता.

तर टर्की. ती माझी लाच होती, स्वच्छ सांगतो. इराच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला नाताळच्या जेवणाचं चित्र दाखवलं होतं: लांब टेबल, भोवती आजी-आजोबा, मधे तांबूस, फुगलेला अख्खा पक्षी. “बाबा, असं आपण एकदा तरी करू या ना,” एवढंच ती म्हणाली. मी मनात म्हटलं, झालं! तेवीस तारखेला इथल्या सम्राटाच्या वाढदिवसाची सुट्टी आहे, त्या दिवशी असं जेवण करू की सासूबाईंच्या तोंडून ‘जानेवारी’ हा शब्दच निघणार नाही. मला चहासुद्धा धड येत नाही, पण माझ्या योजनांना असल्या गोष्टींनी कधी अडवलेलं नाही. दुकानात होती त्यांतली सर्वांत मोठी टर्की मी उचलली. ट्रेनमध्ये ती मांडीवर घेऊन बसलो. मांडी बधिर झाली, पण अंगात यजमानपण संचारलं होतं.

सासूबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. “हा पक्षी आहे का घोडा?”

“टर्की, आई.”

“एवढीशी माणसं आपण चार. ही आपल्यालाच खाईल.”

फ्रिजमध्ये ती मावेना. मला एक युक्ती सुचली, आणि मला युक्ती सुचली की वैशाली सावध होते, पण ती तेव्हा खाली कचरा टाकायला गेली होती. न्हाणीघर थंडगार असतं. रिकाम्या बाथटबात टर्की ठेवून दिली की सावकाश सुटेल. ठेवली. वर झाकणही घातलं. पण आमचा टब रोज संध्याकाळी ठरल्या वेळी आपोआप गरम पाण्यानं भरतो, हे मी विसरलो. संध्याकाळी आम्ही चहा घेत असताना भिंतीतल्या यंत्रानं नेहमीची सुरावट वाजवली आणि त्यातल्या बाईंनी गोड आवाजात जाहीर केलं, की आंघोळीचं पाणी तयार आहे.

आम्ही धावलो. झाकण काढलं तर वाफेतून टर्की हळूच वर आली, छाती वर करून, डोळे मिटून सुखात पडल्यासारखी. वैशालीनं कपाळाला हात लावला. इरा हसून हसून खाली बसली. सासूबाई मात्र गंभीर. “अभ्यंगस्नानच घालायचं होतं तर आधी तेल-उटणं तरी लावायचं, शिरीषराव.” आणि पदर खोचून त्यांनी ती बाहेर ओढली. प्लॅस्टिकचं वेष्टन फाटलं नव्हतं, आत बर्फही तसाच होता. एकूण नुकसान झालं ते माझ्या अब्रूचं. पण त्या क्षणापासून टर्की माझ्या हातातून गेली आणि सासूबाईंच्या ताब्यात आली. आजवरच्या आयुष्यात माझ्या हातून झालेल्या चुकांपैकी ही सर्वांत फळलेली.

इथे सांगायला हवं की मी पुण्याचा, वरणभातावर वाढलेला, सासर सीकेपी. लग्न होईपर्यंत मला वाटायचं की वांगं भरतात, फार तर मिरची भरतात. ठाण्याला पाहिलं तर पापलेट भरलेलं, खेकडा भरलेला, बटाटा पोखरून त्यात खिमा भरलेला. या लोकांना पोकळी म्हणून सहन होत नाही. देवानं एखादी वस्तू आतून रिकामी केली असेल तर ती आपल्यासाठीच राखून ठेवलीय, असा त्यांचा शांत विश्वास असतो. त्यामुळे टर्कीच्या पोटात हात घालताना सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं, ते मी फक्त सराफाच्या दुकानात पाहिलेलं आहे. हात कोपरापर्यंत आत गेला. आतून एक कागदी पुडी निघाली.

“बघा! काळीज वेगळं बांधून दिलंय. याला म्हणतात दुकानदार.” जपानी माणसांबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला चांगला शब्द.

सुट्टीच्या दिवशी सकाळपासून घरात जो वास दरवळत होता, तो अजून कधी कधी लिफ्टचं दार उघडताना उगाच येतो आणि मी चुकीच्या मजल्यावर उतरतो. आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर यांचं हिरवं वाटण. तुपात मंद परतलेला कांदा. कलेजीचे तुकडे, काजू, बेदाणे, आणि सासूबाईंनी ठाण्याहून तीन पिशव्या एकात एक घालून आणलेले सोडे. सोललेली, उन्हात वाळवलेली ती रेवदंड्याची कोळंबी गरम तुपात पडली आणि आमच्या त्या गुळगुळीत, पांढऱ्या, वास नसलेल्या स्वयंपाकघरात समुद्रकाठ अवतरला. त्यात अर्धा शिजलेला भात. मग सासूबाईंनी टर्कीच्या कातडीखाली, ब्लाउजची बाही उलटी करावी तसा अलगद हात सरकवून सगळीकडे वाटण माखलं, पोट भातानं ठासून भरलं आणि इराच्या शाळेच्या शिवणाच्या पेटीतली सुई घेऊन ते शिवून टाकलं. टाके इतके बारीक, की इरा म्हणाली, “आजी, तू डॉक्टर व्हायला हवं होतंस.”

“डॉक्टर नुसतं शिवतात ग. आत काही घालतात का?”

आणि मग ती आमच्या ओव्हनपुढे आणली.

आमचा ओव्हन म्हणजे मूळचा मायक्रोवेव्ह. मनात आलं तर ओव्हन होणारा. टर्की आडवी घातली, तिरपी घातली, पाय दुमडून घातली. कशीही घातली तरी दार मिटेना. वैशाली हाताची घडी घालून उभी होती. “शिरीष, तू ओव्हन बघून टर्की आणलीस, की टर्की बघून टर्की आणलीस?”

“टर्की बघून.”

“वाटलंच.”

मी तुकडे करायचं सुचवलं. सासूबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी दोन्ही हात मागे घेतले. “शिवलेलं उसवायचं?” मग जरा विचार करून त्यांनी विचारलं, “इथे जवळपास पाववाला आहे का?”

आता हे असं होतं. त्यांच्या तरुणपणी ठाण्यात दिवाळी जवळ आली की घरोघरच्या बायका नानकटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन बेकरीत जायच्या. पहाटेचे पाव निघून भट्टी उतरायला लागली की त्या उतरत्या आचेवर नानकटाई भाजली जायची. कुणाच्या पत्र्यावर बोटाची खूण, कुणाच्या पत्र्यावर वेलदोडा. म्हणजे भट्टी ही सासूबाईंच्या हिशेबी गावाची, विहिरीसारखी. पाववाला ती फक्त पेटवतो.

“आई, जपानात असं कुणी करत नाही.”

“तुम्ही कधी विचारून पाहिलंत?”

“नाही.”

“मग?”

इरा बूट घालायलाही लागली होती. “आपल्या पाववाल्या ओकादासानकडे जाऊ या. दाइजोबु, बाबा! काही होत नाही.” वैशालीनं मात्र साफ सांगितलं, “मला उद्या त्याच दुकानातून पाव आणायचाय. मी येणार नाही.”

ती वरात मी विसरणार नाही. पुढे आठ वर्षांची इरा, मधे पत्र्यात टर्की घेतलेला मी, वर धुतलेला पंचा पांघरलेला, आणि मागे स्वेटरवर शाल, शालीवर कोट घातलेल्या सासूबाई. रस्ता अजून लाटांसारखा वरखाली होता. समोरून येणारी माणसं पंच्याखाली बाळ आहे असं समजून हसून मान तुकवत, आणि जवळ आल्यावर तंगडी दिसली की मान पुन्हा तुकवत, या खेपेला न हसता.

ओकादासानचं दुकान लहान. पुढे काचेचं कपाट, मागे भट्टी. साठीचा माणूस, भुवयांपर्यंत पांढरी टोपी, भुवयांवर पीठ. दुपारी पाव संपले की ते दुकान आवरत. आम्ही पोचलो तेव्हा कपाटात दोनच पाव उरले होते. मी जपानीत जेवढ्या दिलगिऱ्या येतात तेवढ्या सगळ्या एकावर एक रचल्या आणि त्यांच्या शेवटी, आवाज उतरवून, मुद्दा ठेवला. ओकादासाननी पंच्याकडे पाहिलं. पंचा उचलून आत पाहिलं. भट्टीकडे पाहिलं. मग मान एका खांद्याकडे कलवून दातांतून सूं करून हवा आत ओढली.

“चला, आई. नाही म्हणतायत.”

“बोलले कुठे?”

“इथे असंच म्हणतात.”

“मग बोलेपर्यंत थांबू,” म्हणून सासूबाई पिठाच्या पोत्यावर बसल्या. बसून त्यांनी ओकादासानकडे बघून हात जोडले आणि शुद्ध मराठीत सांगितलं, “भट्टी विझवून टाकणार तुम्ही. ती आच फुकट जाणार. तिच्यात हे बसेल. माझ्या नातीचं मन आहे हो. नाहीतर मी म्हातारी बाई, कशाला येऊ?”

इरानं ते जपानीत सांगितलं. काय सांगितलं ते मला पूर्ण कळलं नाही. ती माझ्यापेक्षा फार भराभर बोलते. ओकादासाननी पुन्हा पंचा उचलला, नाक खाली नेलं, आणि त्यांच्या भुवयांवरचं पीठ हललं.

“आजी, ते विचारतायत, ही कोळंबी कुठे वाळवली?”

“सांग, रेवदंड्याला. वाळूवर जाळं पसरून.”

उरायासु ही पूर्वी कोळ्यांची वस्ती. भर पडण्याआधी, जिथे आज आमच्या इमारती आहेत तिथे ओकादासानची आई ओहोटीला शिंपले वेचायची, आणि कोळंबी त्यांच्याही अंगणात वाळायची. हे ते सांगत होते आणि इरा एकेक वाक्य आजीकडे पोचवत होती. उद्याच्या पावाला वास लागेल, ही काळजीही त्यांनी बोलून दाखवली. सासूबाई म्हणाल्या, “लागला तर मला शिव्या घाला. मला कळणार नाहीत, त्यामुळे हव्या तेवढ्या घाला.” ओकादासान हसले. मग खालच्या कप्प्याचं लोखंडी दार उघडून त्यांनी आमच्या टर्कीला आत जागा करून दिली.

थांबण्याची ती दुपार मला फार प्रिय आहे. त्या एका खोलीइतकी ऊब मला जपानात कुठे मिळाली नसेल. काचेबाहेर हिवाळ्यातलं लवकर पिवळं पडणारं ऊन, आत पिठाचे कण त्या उन्हात तरंगतायत. सासूबाई आणि ओकादासान एकमेकांना काहीही समजत नसताना मुद्देसूद भांडत होते. ते दार उघडून बघायला जात की या म्हणत, “उघडू नका हो, आच जाते!” आणि या बघायला उठल्या की ते दोन्ही हात आडवे करत. तुपाचा पहिला वास सुटला तेव्हा दोघंही भांडण सोडून एकाच दिशेला बघत राहिले. कामात मुरलेली दोन माणसं शेजारी बसली की मधे भाषा लागत नाही. माझ्यासारखा बसलेला दिसणारा माणूस तिथे अगदीच जास्तीचा. मला ओकादासाननी पाव उचलायचा चिमटा हातात दिला होता. बहुधा दया येऊन.

आणि मग पावाचे पत्रे वाजायला लागले.

आधी बारीक, कपाटातल्या कपबश्यांसारखे. मग भिंतीवरचे सगळे पत्रे एकदम. दिवा डोलायला लागला, जमीन पायाखालून कुणीतरी चादर ओढावी तशी सरकली. ओकादासाननी एका हातानं भट्टी बंद केली, दुसऱ्या हातानं मागचं दार ढकलून उघडं केलं आणि ओरडले. इरानं तोवर आजीचं मनगट पकडून तिला पीठ मळायच्या मोठ्या लाकडी टेबलाखाली ओढलं होतं. “आजी, डोकं खाली. हात डोक्यावर. असं. थांबेल आत्ता, थांबेल.” ओकादासान पाठोपाठ टेबलाखाली शिरले. कुटुंबप्रमुख चिमटा घेऊन उभाच.

“बाबा, खाली!”

मी वाकलो, टेबलाची कड कपाळाला लागली, पण शिरलो. आम्ही चौघं गुडघे छातीशी घेऊन बसलो. वरून पीठ झरत होतं. इराचा एक हात स्वतःच्या डोक्यावर होता आणि दुसरा आजीच्या. ओकादासान हळू आवाजात तिला काहीतरी सांगत होते आणि ती ‘हाय, हाय’, म्हणजे ‘हो, हो’, म्हणत मान हलवत होती. सासूबाई इराकडे बघत होत्या. छतावरच्या दिव्याकडे नाही, भट्टीकडे नाही, इराकडे.

थांबलं. थांबल्यावर नेहमी येते तशी ती शांतता आली, जिच्यात प्रत्येक जण आपलं घर ऐकतो. मग रस्त्यावर दारं उघडल्याचे आवाज, ‘हललं ना,’ ‘हललं हो,’ असे शेजाऱ्यांचे आवाज, आणि घरातल्या सपाता घालून धावत आलेली वैशाली. तिनं टेबलाखालून निघालेल्या आम्हा पिठानं माखलेल्या लोकांना एकेक करून हात लावून बघितलं आणि शेवटी माझ्या कपाळाकडे बघून म्हणाली, “हे भूकंपानं झालं की तूच केलंस?”

मी कपाळ चोळलं. मनात म्हटलं, संपलं. सासूबाईंना आता आणखी काय बघायचं राहिलं? जानेवारीचं विमान मला डोळ्यांपुढे उडताना दिसलं. त्या अजून टेबलाखालीच बसल्या होत्या. इरानं हात दिला तेव्हा सावकाश उठल्या, पदर झटकला, आणि पहिलं वाक्य बोलल्या ते ओकादासानना. “भट्टी पेटवा पुन्हा. भात अर्धाच झाला असेल.”

संध्याकाळी टर्की घरी आली. चित्रातल्यासारखी तांबूस नव्हती. हिरवट सोनेरी होती, आणि हादऱ्यात पत्रा सरकल्यामुळे एका बाजूला जरा जास्त भाजलेली. एक तंगडी ओकादासानकडे ठेवून आलो होतो, त्यामुळे तोलही गेलेला. खरं सांगायचं तर छातीचं मांस खरवडून खावं इतकं कोरडं होतं. पण टाके कापले आणि आतून तो भात ओघळला! टर्कीची सगळी चरबी, सगळा रस प्यायलेला, सोड्यांचा, कलेजीचा, वाफाळणारा भात. इरानं ताटली चाटली आणि तिला कुणी रागावलं नाही. इतक्या महिन्यांनी फडताळातली सगळी भांडी टेबलावर आलेली, खरकटी, एकमेकांवर कलंडलेली. मी ती बघत होतो, आणि निकालाची वाट बघत होतो.

जेवणं झाल्यावर वैशाली इराचे पिठानं भरलेले केस धुवायला घेऊन गेली. सासूबाई भांडी घासायला उभ्या राहिल्या. मी शेजारी उगाच घुटमळत होतो.

“जानेवारीत मी एकटी जाईन,” त्या नळाकडे बघत म्हणाल्या.

माझं घुटमळणं थांबलं.

“तुम्हाला कळवलं नाही आम्ही. ठाण्याला असताना खालून ट्रक गेला, जरा खिडकी थरथरली, की पोरगी जेवता जेवता टेबलाखाली जायची. पहिल्यांदा आम्हाला हसूच आलं. मग तिची मावसभावंडं हसायला लागली. मग एक दिवस ती जायची थांबली. ट्रक आला की घास हातात धरून नुसती ताटाकडे बघत बसायची. आम्हाला वाटलं, बरी झाली.” त्यांनी पातेलं विसळलं, पुन्हा विसळलं. “आज तो साठीचा माणूस तिच्याबरोबर खाली बसला हो. लाजला नाही, हसला नाही. आणि माझी नात मला सांभाळत होती. भीती गेलेली नाही तिची. पण इथे ती भीती तिची एकटीची नाही.”

न्हाणीघरातून इराच्या खिदळण्याचा आवाज येत होता.

“तुम्हाला करमणार नाही, आई,” मी कसंबसं म्हणालो. “ठाण्याला. या दोघींशिवाय.”

“नाहीच करमणार,” सासूबाई म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला कधी पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नव्हता. जावई तो जावई. त्यांनी ते ओलं पातेलं आणि खांद्यावरचं फडकं माझ्या हातात दिलं. “पुसा.”

मी पुसलं. कोरडं झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिलो.